अकरा शंकांचं पान

"घेतलं का कुणी?" नसरीनने फोनवर विचारलं.

"नाही."

"डाउनलोड किती झाले?"

"तीनशे बारा."

"आणि विकत एकानेही नाही?"

"एकदा सांगितलं ना, नाही म्हणून!"

मी फोन आपटला आणि लगेच वाईट वाटलं. कारण ते सॉफ्टवेअर मुळात मी नसरीनसाठीच लिहिलं होतं. ती माझी कॉलेजची मैत्रीण, कॅम्पातल्या एका शाळेत पर्यवेक्षिका. दर जूनमध्ये शाळेचं वेळापत्रक लावायचं काम तिच्या गळ्यात पडायचं. मोठा पुठ्ठा, पेन्सिल, खोडरबर आणि आठ दिवस. एवढं करून शाळा सुरू झाली की कळायचं, गणिताच्या बाई सोमवारी तिसऱ्या तासाला सातवी अ आणि नववी ब अशा दोन्ही वर्गांत आहेत. मी तिला एक प्रोग्राम लिहून दिला. शिक्षक, वर्ग आणि विषय भरायचे, बटण दाबायचं, चहा घेऊन यायचं. तोवर वेळापत्रक तयार.

तो प्रोग्राम इतका चांगला चालला की गणपतीपर्यंत शहरातल्या आणखी चार शाळांत पोचला. मला न विचारता. एका मुख्याध्यापकांनी तर मला फोन करून तक्रार केली की प्रिंट नीट येत नाही. मी विचारलं, "आपल्याला प्रोग्राम कुणी दिला?" ते म्हणाले, "अहो, सगळ्यांकडेच आहे."

म्हणून मी ठरवलं की हे इंटरनेटवरून परदेशात विकायचं. तिकडे लोक कार्डाने पैसे भरून सॉफ्टवेअर घेतात, असं ऐकलं होतं. पद्धत सोपी होती. तीस दिवसांची ट्रायल फुकट द्यायची, म्हणजे माणूस आधी वापरून बघतो. आवडलं तर विकत घेतो, नाही तर एकतिसाव्या दिवशी प्रोग्राम आपोआप बंद. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये मी नोकरी सोडली. घरात एक वर्षाची मुदत ठरली, पुढच्या मार्चअखेरपर्यंत. ऑफिसात पाटणकर सरांनी, म्हणजे माझ्या मॅनेजरांनी, तीच तारीख धरली.

"अनघा, पुढच्या एप्रिलमध्ये नवा प्रोजेक्ट सुरू होतोय," ते म्हणाले होते. "टीम लीडची जागा एकतीस मार्चपर्यंत तुझ्यासाठी ठेवतो. तोवर तुझी हौस भागेल."

हौस! नऊ वर्षं मी दुसऱ्यांच्या प्रोग्राममधले बग काढत आले होते. हा पहिला प्रोग्राम पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत माझा होता. मला परत जायचं नव्हतं. पण विक्री शून्य असताना हे कुणाला सांगणार?

ऑगस्टच्या मध्यावर साइट चढवली. विकणं हा प्रकार मला येत नव्हता, म्हणून रीतसर शिकायला घेतला. एक ई-बुक मागवलं. त्यात लिहिलं होतं की गिऱ्हाइकाला बोलतं करा, त्याच्या मनात जे येईल ते त्याच्या आधी आपणच मांडा, आणि विश्वास कमवा. मला हे मनापासून पटलं. प्रत्येक पानावर सगळ्यात वर मी लाल रंगात एक मोठं बटण टाकलं: 'डाऊट्स'. ते दाबलं की अकरा डाऊट आणि त्यांची उत्तरं. डाऊट एक: लाइट गेली तर माझा डेटा राहील का? डाऊट दोन: हे सॉफ्टवेअर ओरिजिनल आहे का? डाऊट पाच: एकच शिक्षक एका वेळी दोन वर्गांत दिसणार नाही ना? आणि विकत घेण्याच्या बटणाशेजारी, प्रामाणिकपणाचा कळस म्हणून, इंग्रजीत एक ओळ: 'थोडासुद्धा डाऊट असेल तर कृपया विकत घेऊ नका. आधी आम्हाला लिहा.'

डाउनलोड सुरू झाले. लोक नाव, ईमेल देऊन ट्रायल घेत होते. वापरतही होते, हे मला कळत होतं, कारण प्रोग्राम उघडला की माझ्याकडे नोंद यायची आणि तो बंद होण्याच्या दिवसापर्यंत अनेक जण रोज उघडत होते. आणि मग एकतिसाव्या दिवशी गप्प.

प्रोग्रामरला विक्री होत नाही म्हटलं की एकच सुचतं. कुठेतरी बग आहे. मी बग शोधायला बसले. पान उघडायला वेळ लागत असेल म्हणून चित्रं लहान केली. विकत घेण्याचं बटण करडं होतं ते हिरवं केलं, हिरव्याचं नारिंगी केलं. किंमत दोनदा उतरवली. सर्व्हर बदलला. लोकांना प्रोग्राम अपुरा वाटत असेल म्हणून त्यात बदली तासांची सोय घातली, म्हणजे शिक्षक गैरहजर असला की त्याच्या वर्गावर कुणाला पाठवायचं ते प्रोग्रामच सांगेल. त्यात डिसेंबर गेला. डाउनलोड वाढले. विक्री जिथल्या तिथे.

शेवटी वाटलं, पैसे भरायचं पानच बिघडलेलं असणार. कॅलिफोर्नियातल्या चुलतभावाला म्हटलं, तू एकदा खरोखर विकत घेऊन बघ. त्याने घेतलं. दोन मिनिटांत काम झालं. मी त्याला म्हटलं, आता सगळी साइट गिऱ्हाइकासारखी वाच आणि कुठे अडखळतोस ते सांग.

त्याने वाचली. "कुठेच नाही," तो म्हणाला. "एकदम क्लिअर आहे. ते डाऊट्सचं पान तर फारच छान जमलंय. माझ्या मनातलेच सगळे डाऊट आहेत."

चुलतभाऊ माझ्याच क्लासला जायचा. माझ्या मागच्या बाकावर बसायचा.

मार्चच्या मध्यापर्यंत मी इतकी वैतागले होते की सकाळी कॉम्प्युटर चालू करायचीही इच्छा होत नव्हती. पाटणकर सरांचा ईमेल आला होता: 'प्रोजेक्टची टीम फायनल करायची आहे. हो का नाही, एका ओळीत कळव.' मी 'हो' असं टाइप केलं होतं. पाठवलं नव्हतं, एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला फोन वाजला. मी गॅसवर दूध ठेवत होते. नवऱ्याने उचलला आणि रिसिव्हर माझ्यापुढे धरला. "कुणीतरी इंग्रज आहे."

इंग्रज नव्हता, अमेरिकन होता. कार्ल नाव. एका लहान गावातल्या शाळेचा उपमुख्याध्यापक. साइटवरून घरचा नंबर घेतला होता. त्याच्याकडे संध्याकाळ होती.

"तुमचा प्रोग्राम मी महिनाभर वापरला," तो म्हणाला. "आमचं पूर्ण वेळापत्रक एका दुपारात लागलं. यापूर्वी मला दोन आठवडे लागायचे."

"थँक यू," मी म्हटलं.

"मला फक्त एवढंच विचारायचंय. त्या अकरा शंका मिटल्या का?"

"कोणत्या अकरा?"

"तुमच्या."

"माझ्या नाहीत. त्या तुमच्या आहेत."

"मला तर एकही नाही," कार्ल म्हणाला.

"मग कुणाला आहेत?"

"तेच विचारायला फोन केलाय."

मग तो फार हळुवारपणे, एखाद्या आजारी माणसाशी बोलावं तसा बोलू लागला. "साइटवर प्रत्येक पानावर लाल अक्षरात लिहिलंय की शंका आहेत. आतल्या पानावर त्यांची यादी आहे. वीज गेल्यावर डेटा राहील का, याची शंका. प्रोग्राम अस्सल आहे का, याची शंका. आमच्या मुख्याध्यापिका म्हणाल्या, बनवणाऱ्या बाईंनाच जर खात्री नाही, तर आपण कशाला घ्यायचं? मी म्हटलं, निदान फोन करून बघतो. इतकं खरं बोलणारा विक्रेता मी अजून पाहिलेला नाही."

"पण तिथे प्रत्येकाचं उत्तर दिलंय ना," मी म्हटलं. "वर्गात मुलं विचारतात तसे डाऊट आहेत ते."

"दिलंय. पण ज्याला शंकाच नाही, तो उत्तरं कशाला देईल, असं आम्हाला वाटलं. मुलं वर्गात विचारतात त्याला आम्ही क्वेश्चन म्हणतो. डाऊट म्हणजे भरवसा नसणं."

माझ्या मागे दूध उतू गेलं. ओट्यावरून खाली आलं. नवरा "अगं, दूध!" म्हणून ओरडला आणि मी तशीच उभी राहिले.

पाचवीपासून मी हात वर करून "सर, एक डाऊट आहे" म्हणत आले. क्लासमध्ये परीक्षेआधी डाऊट सॉल्व्हिंगचा वेगळा तास असायचा. ऑफिसात मीटिंग संपताना "एनी डाऊट्स?" असायचं. आपण शंका विचारतो आणि शंका घेतोही. विचारणारा हुशार ठरतो, घेणारा भांडखोर. इंग्रजीत मात्र डाऊट फक्त घ्यायचाच असतो, हे मला इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. सांगणार तरी कोण? सगळे माझ्याच क्लासचे.

कार्लला मी हे सगळं समजावून सांगितलं. तो खूप हसला, मग माफी मागितली, आणि मग त्याने फोनवर बोलता बोलताच प्रोग्राम विकत घेतला.

दुरुस्तीला चार मिनिटं लागली. बटणावर 'क्वेश्चन्स' लिहिलं. अकरा ठिकाणी एक शब्द बदलला. विकत घेण्याच्या बटणाशेजारची ती प्रामाणिक ओळ काढून टाकली. सात महिने मी रंग, किंमत, सर्व्हर आणि बदली तास यांच्याशी झटापट केली होती, आणि काम होतं चार मिनिटांचं. त्या दिवशी मला आनंदापेक्षा संताप जास्त आला. स्वतःचाच.

मग ट्रायल घेतलेल्या सगळ्यांना ईमेल लिहिला. आमच्या इंग्रजीत एक शब्द चुकला होता, प्रोग्रामबद्दल आम्हाला पूर्ण खात्री आहे, ट्रायल आणखी महिनाभर वाढवून दिली आहे. बरीच उत्तरं आली. काही जणांनी तोवर दुसरंच सॉफ्टवेअर घेतलं होतं. एका बाईंचं उत्तर मला पाठ आहे: 'आम्हाला तुमचा प्रोग्राम सगळ्यात आवडला होता. माझ्या मनात एक लहानशी शंका होती, आणि तुम्ही लिहिलं होतं की मग घेऊ नका. म्हणून नाही घेतला.' मी सांगितलं आणि त्यांनी ऐकलं. इतकं माझं ऐकणारी माणसं मला त्याआधी कधी भेटली नव्हती.

एकतीस मार्चला पाटणकर सरांना भेटायला गेले. ईमेलवर उत्तर देणं मला बरं वाटेना.

"म्हणजे नाही येत?" ते म्हणाले.

"नाही, सर."

"किती कॉपी विकल्या गेल्या?"

"सात."

"सात हजार?"

"सात."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "अनघा, वर्षभरात सात कॉपी. आणि त्याच्या जोरावर तू टीम लीडची जागा सोडतेस?"

"वर्षभरात नाही, सर. सात महिने मी लोकांना घेऊ नका म्हणत होते. घ्या म्हणायला लागून पंधराच दिवस झालेत."

त्यांनी चष्मा परत लावला. म्हणाले, "बरं. जा. चहा घेऊन जा."

प्रोग्राम अजून विकला जातो. त्यावर घर चालतं, बंगला बांधला नाही. साइटवर चढवायचा प्रत्येक मजकूर मी आधी कार्लला पाठवते आणि त्यातून त्याला काय कळलं ते लिहून मागते. पहिल्याच वेळी त्याने चौदा ठिकाणी खुणा करून पाठवल्या. प्रोग्राम मी विकायला काढण्याआधी तीन महिने टेस्ट केला होता. इंग्रजी मात्र एक दिवसही टेस्ट केलं नाही, कारण ते मला येत होतं.