तुळस ताटात नाही

पोलिक्सेनी आत्याचं आधी नाक बोलतं, मग तोंड. "हुंऽऽ" असा लांब सूर निघाला की समजायचं, कुणाचं तरी आता काही खरं नाही. नात्याने ती फक्त स्त्रातिसची आत्या. पण ग्रीसच्या लेस्बॉस बेटावरच्या आमच्या बंदरावर मांजरंसुद्धा तिला आत्याच मानतात.

नवरा गेल्यापासून ती स्त्रातिसच्या खानावळीत रांधते. भरल्या टोमॅटोत पुदिना, कोकराच्या रश्श्यात शेपू. ओरेगॅनो तर सगळ्यावरच, तोही डोंगरावरून स्वतः कापून आणलेला, सावलीत उलटा टांगलेला, तळहातावर चोळलेला. तुळस मात्र कशातच नाही. तुळस पायरीवर, तेलाच्या रंगवलेल्या डब्यांत, चेंडूसारखी गोल. येता-जाता तिच्यावरून हात फिरवायचा, बोटं हुंगायची, पुढे जायचं. सप्टेंबरात क्रूसाच्या सणाला तीच चर्चमध्ये जाते, आणि पाद्रीबाबा घरोघरी तिची डहाळी देतात. ती खायची? मग घंटाही शिजवा!

स्त्रातिस हिवाळाभर अथेन्सला राहून आला आणि त्याने बाहेरच्या फळ्यावर खडूने लिहिलं, 'तुळशीची कोशिंबीर'.

"आत्या, जग पुढे गेलंय, कळलं ना? गिऱ्हाइकाला तुळस लागते, कळलं ना?"

"हुंऽऽ. उद्या मेणबत्ती लागेल. तळून देऊ?"

"अगं, इटलीत सगळे खातात!"

"मग इटलीत जा. तिथली एखादी आत्या बघ."

स्त्रातिसचे कान लाल झाले. "खानावळ माझी आहे. तुळस चिरायची नसेल तर एप्रन काढ."

आत्याने एप्रन काढला, त्याच्याच कमरेला बांधला, गाठ जरा करकचूनच मारली, आणि चालती झाली.

आम्हाला वाटलं, घरी बसून रडेल. कसलं काय! दुसऱ्या दिवशी दुपारी रविवारचा काळा झगा घालून बाई हजर. समुद्राकडच्या सगळ्यात चांगल्या टेबलावर बसली.

"एक कॉफी. साखर कमी. आणि घाई नाही हं."

कॉफी घेऊन बसलेल्या माणसाला आमच्याकडे कुणी उठवत नाही. कप रिकामा झाला, सूर्य बुडाला, तरी नाही. उठवणाऱ्याने मग गाव सोडावं. स्त्रातिसला हे ठाऊक होतं आणि आत्याला हे त्याला ठाऊक असल्याचं ठाऊक होतं.

तुळशीची बशी समोरून गेली की ती छातीवर क्रूस काढायची, तीनदा, आणि मोठ्याने म्हणायची, "माफ कर रे देवा, अथेन्सची हवा लागलीये पोराला." उन्हाने भाजलेल्या एका जर्मन जोडप्याला वाटलं, जेवणाआधीची इथली रीत असेल. त्यांनीही क्रूस काढला, आणि मग कोशिंबीर चाटूनपुसून खाल्ली.

"बघ! आवडतंय!" स्त्रातिस ओरडला.

"आवडणारच. चोरलेलं गोडच लागतं."

तेवढ्यात जाळी विणणारे जेवायला आले. त्यांचा म्होरक्या थानासिस, आवाज फुटक्या भोंग्याचा. "आत्या इथे का बसलीये?"

"हाकललंय मला."

"असं? मग मलाही कॉफीच आण रे. साखर कमी, घाई नाही."

बाकीच्यांनीही तेच सांगितलं, शेजारच्या टेबलावर बसून. दुसऱ्या दिवशी आत्या पुन्हा त्याच टेबलावर, आणि न्हावी आला, पोस्टमन आला, पाद्रीबाबाही आले. टेबलं गच्च, प्रत्येकापुढे एक कप, आणि सगळे समुद्राकडे असे बघतायत जणू तो आजच आणून ठेवलाय. पाहुणे दारातून डोकावायचे आणि पलीकडच्या खानावळीत जायचे.

शेवटी स्त्रातिस टेबलापाशी आला. 'कळलं ना' कुठल्या कुठे गेलं होतं.

"आत्या, ऊठ ना गं. जेवण करपतंय आत."

"मी गिऱ्हाईक आहे. गिऱ्हाइकाशी नीट बोलावं."

"काय हवंय तुला?"

"फळा पूस."

त्याने बाहीने पुसला. पांढरा फराटा राहिला.

"बोटाने दाखवू? तिथे अजून 'तुळ' दिसतंय."

त्याने थुंकी लावून पुसलं. मग डब्यांकडे बघत हळूच म्हणाला, "चार पानं तर होती."

"चार पानं घाल तुझ्या उशीखाली. झोप लागेल. माझ्या पातेल्यात नाही, मी मेल्यावरही नाही."

एवढं बोलून ती उठली, आत गेली, आणि झाकण आपटल्याचा आवाज आला. आम्ही सगळे कान टवकारून बसलो. खिडकीतून लाकडी डाव बाहेर आला, मागोमाग आत्याचं तोंड.

"काय रे फुकट्यांनो, अजून बसलाय? जेवा, नाहीतर उठा!"