पोथी नेमकी कुणाची?

नोकरीत खून, दरोडे पुष्कळ पाहिले. पण ज्या प्रकरणाने मला पुरतं गोंधळात पाडलं, ते साध्या कागदी चित्रांचं होतं. नव्वदच्या दशकाची अखेर असेल. मी कोल्हापुरात उपनिरीक्षक होतो.

खबऱ्याने कळवलं, शिवाजी पेठेतल्या एका फ्रेमच्या दुकानात जुनी चित्रं आली आहेत, बहुधा देवळातून चोरलेली. पंच घेऊन गेलो आणि रामायणातल्या प्रसंगांची तीसेक चित्रं जप्त केली. दुकानदार म्हणाला, शंभर वर्षांची आहेत, आजऱ्याच्या एका बाईने दिली.

बाई चाळिशीची, चित्रकथी घराण्यातली सून. एकेक चित्र दाखवत रामायण गाऊन सांगायचं, हे त्या घराचं पिढीजात काम. चित्रांच्या गठ्ठ्याला ते पोथी म्हणत. चौकशीत तिचं एकच उत्तर, "मीच काढल्यात." खोटं बोलणारा माणूस सहसा जास्त बोलतो. ही गप्प बसायची. मला ते खरंही वाटेना, खोटंही.

सासऱ्यांना बोलावलं. म्हातारे आपली पोथी फडक्यात बांधून छातीशी धरून आले. ही आपल्या आज्जाने काढलेली, आमच्यात बायका कुंचल्याला हात लावत नाहीत, असं त्यांनी ठासून सांगितलं. मी दोन्ही गठ्ठे टेबलावर सोडले. तोच रावण, तेच रंग. तेवढ्यात हवालदाराने पंखा लावला आणि सगळे कागद जमिनीवर एकमेकांत मिसळले. मुद्देमाल कुठला, हे मलाच कळेना. तुमची चित्रं वेगळी काढा, असं म्हाताऱ्यांना सांगितलं. ते एकेक कागद पार नाकाशी नेऊ लागले. त्यांना जवळजवळ दिसत नव्हतं.

सून पुढे झाली. "मामंजी, शोधू नगासा. दोन्ही माझ्याच हातच्या हायती."

मग सगळं बाहेर आलं. आठ वर्षांपूर्वी मूळ पोथीला वाळवी लागली होती. सासऱ्यांना कळलं तर ते गाणं सोडतील, या भीतीने तिने उरलेल्या तुकड्यांवरून नवी पोथी काढली आणि तुकडे रीतीप्रमाणे हिरण्यकेशी नदीत सोडले. मग हात थांबेना, म्हणून आणखी एक काढली. ती तिने दुकानात दिली. शंभर वर्षं ही दुकानदाराची भर.

म्हाताऱ्यांनी सीतेचा एक कागद पुन्हा नाकाशी नेला. मग विचारलं, "सीतेचं डोळं आज्जाच्या हातागत तुला कुणी शिकीवलं?"

"तुमीच की. तुमी पोराला सांगत हुता, मी चुलीपाशी ऐकत हुतो."

दुकानदाराला समज दिली. गुन्हा घडला नसल्याचा अहवाल लिहिला. चित्रं परत देताना पोचपावती म्हाताऱ्यांपुढे धरली. त्यांनी ती सुनेकडे सरकवली. "जिनं काढल्यात तिची सही घ्या, सायब."

तपास म्हणजे खरं आणि खोटं वेगळं करणं, असं मी शिकलो होतो. त्या बाईने सासऱ्यांना आठ वर्षं अंधारात ठेवलं, हे खरं आहे. त्याला फसवणूक म्हणावं का, हे मला निवृत्तीनंतरही ठरवता आलेलं नाही.