स्वयंपाकघराच्या खिडकीतला हिरवा दर्या

निवृत्त झाल्यावर वर्षभर मी नुसता बसून होतो. मग शेजाऱ्यांनी आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोरच शौचालयाची टाकी बांधली आणि मला काम मिळालं. पडदा लावला असता तर फोडणीने आठवडाभरात चिकट झाला असता. म्हणून मी ठरवलं की खिडकीच्या काचेवर रंगीत काचांचे तुकडे चिकटवून माडाचं आणि दर्याचं चित्र करायचं.

कुडाळच्या एका फ्रेमवाल्याने उरलेसुरले तुकडे दिले. त्यात हिरवेच जास्त होते, निळा एकही नव्हता. मग माडही हिरवा आणि दर्याही हिरवा, असं ठरलं. वर कोपऱ्यात एक लाल सूर्य. तीन आठवडे मी बोटं कापून घेत, सिलिकॉनच्या नळीशी झटापट करत होतो.

बायकोने एकदा डोकावून विचारलं, "ह्यो माड आसा काय खराटो?"

मी उत्तर दिलं नाही. कलावंताने देऊ नये.

चिकटवलेलं नीट वाळेपर्यंत खिडकीवर वर्तमानपत्र लावून ठेवलं होतं. ते काढलं त्या सकाळी लख्ख ऊन होतं. त्याच वेळी आमची नेहमीची मासेवाली आली. पडवीत बायकोने एकेक बांगडा उचलून कल्ले उघडून पाहिले, लालबुंद होते. तिने बांगडे घेतले, आत ओट्यावर ठेवले आणि पहिला कापायला घेतला, तोच ओरडली.

कल्ले काळे ठिक्कर पडले होते!

मासेवाली अजून बेड्यापाशी, आमच्या फाटकातच होती. बायकोने तिला मागच्या दाराने थेट ओट्यापाशी आणलं. "दाखयलंस एक आणि दिलंस दुसरे! बघ गो, बघ ह्ये!"

मासेवालीने वाकून पाहिलं. तिचाही चेहरा उतरला. "ह्ये माजे बांगडे न्हयत, वयनी. कालचे खंयचे तरी काडून माज्या माथी मारू नकात."

"मी? मी कालचे काडलंय?"

"वीस वर्सां तुमच्या दारात येतंय मी. कदी वायट दिलंय?" हे बोलताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

मी दारात उभा होतो. मासेवालीचे दात हिरवे दिसत होते. बायकोचे हातही कोपरापर्यंत हिरवे होते. माझ्या लक्षात सगळं आलं. बोलायला हवं होतं. पण तीन आठवड्यांचं काम डोळ्यांसमोर होतं, म्हणून मी गप्प राहिलो. या गप्प राहण्याची लाज मला अजून वाटते.

"चल भायर, शेजाऱ्यांकाच दाखवया!" म्हणत बायकोने ताट उचललं. दोघी तावातावाने मागल्या अंगणात गेल्या. तिथे बायकोने बांगड्याचा कल्ला उघडला आणि तशीच थांबली.

लालबुंद.

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. ताट आत आणलं. काळे. पुन्हा बाहेर नेलं. लाल. तिसऱ्या फेरीला आत आल्यावर मासेवालीने आपला तळहात खिडकीतून येणाऱ्या हिरव्या उन्हात धरला, उलटा-पालटा करून पाहिला आणि मान वर करून माझ्या चित्राकडे बघितलं. मग दोघी माझ्याकडे वळल्या.

"तुमका कळला होता?" बायकोने विचारलं.

"मगाशीच," मी म्हणालो.

"मग गप कित्याक रवलात?"

मी मासेवालीची माफी मागितली. तिने पदराने डोळे पुसले, आणि पुसता पुसता तिला हसू फुटलं. एवढं हसू, की तिला पाट देऊन बसवावं लागलं. बायकोने तिच्यासाठी चहा टाकला. चहाही हिरवाच दिसत होता. "भाऊ," ती कप परत देत म्हणाली, "आदी तो तुमचो दर्या काडून टाका."

सिलिकॉन लावायला सोपं असतं, हे मला खरवडताना कळलं. चार दिवस ब्लेडने खरवडूनही निम्माच दर्या निघाला. बायको म्हणाली, आता रवांदे. ती हल्ली मासे मागल्या पायरीवर बसून कापते. ते होईपर्यंत मी हातात काठी घेऊन मांजरांना हाकलत बाजूला बसतो. हे काम मला बऱ्यापैकी जमतं, असं तिचं मत आहे.