भामाबाईंची अर्ध्या तासाची परीक्षा

दोन हजार साली हैदराबादेत, कोठी भागातल्या आमच्या ऑफिसात नवं टेलिफोन एक्स्चेंज बसलं. ज्याने त्याने थेट नंबर फिरवायचा, ऑपरेटर नको. म्हणजे भामाबाई जाधव नकोत. गौलीगुड्याच्या भामाबाईंचे डोळे नवव्या वर्षी देवीच्या साथीत गेले होते. एकोणीस वर्षं त्यांनी आमचा बोर्ड सांभाळला.

साहेब म्हणाले, "भामाम्मा, स्वेच्छानिवृत्ती ले लो. आराम करो."

"मेरेकू कंप्युटर आता, साब."

सगळे चमकले. पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर शिकायला त्या वर्षभर दर रविवारी सिकंदराबादच्या एका संस्थेत जात होत्या, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

पत्रव्यवहाराला कंप्युटर एकच येणार होता आणि माणूसही एकच. मी टायपिस्ट, ती जागा मलाही हवी होती. साहेबांनी आधी भामाबाईंची परीक्षा लावली. संस्थेने सॉफ्टवेअर घालून दिलं. साहेबांनी पत्राचा मजकूर तोंडी सांगितला आणि बजावलं, "आधा घंटा. कोई मदद नहीं करना."

भामाबाईंनी हेडफोन लावला, कळ दाबली. पुन्हा दाबली. त्यांचा चेहरा उतरला.

मी टेबलापलीकडे, कंप्युटरच्या मागेच उभी होते. सकाळी झाडताना टेबल सरकवलं होतं आणि कुणीतरी हेडफोनची पिन माइकच्या भोकात खुपसली होती. मला ती स्वच्छ दिसत होती.

मी गप्प राहिले. साहेबांनी मना केलं होतं, पण कारण तेवढंच नव्हतं.

"क्या हुआ?"

"कुछ नहीं, साब."

दहा मिनिटं गेली. त्यांच्या हनुवटीवरून घाम टपकला. एकदम त्यांनी वायर चिमटीत धरली आणि बोटांनी चाचपत कंप्युटरच्या पाठीमागे पोचल्या. पिन उपसली, शेजारच्या भोकात घातली, कळ दाबली. काही नाही. तिसऱ्या भोकात घातली, आणि त्यांचे खांदे सैल झाले.

मग बोटं धावली. वेळ संपायला दोन मिनिटं असताना प्रिंटरमधून कागद बाहेर आला. साहेबांनी दोनदा वाचला.

"एक स्पेलिंग गलत है. कंपनी का नाम." ते थांबले. "स्पेलिंग मैंने बोला नहीं था. चलता."

जागा त्यांना मिळाली. मला आवक-जावकला धाडलं. आठवडाभर मला घास गोड लागेना. शेवटी डबा खाताना मी सांगून टाकलं, "भामाबाई, पिन मला दिसत होती."

त्यांनी हातातला घास डब्यात ठेवला.

"तू मागे होतीस, ठाऊक होतं मला. तुझ्या बांगड्या वाजत होत्या."

माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत. मी विचारलंही नाही. डबा बंद करून एवढंच बोलल्या, "उद्यापासून या सुट्टीत माझ्याकडे येत जा. कळा शिकवते."

मी गेले. पडदा बंद ठेवून त्यांनी मला कंप्युटर शिकवला. दोन वर्षांनी दुसरा कंप्युटर आला, तेव्हा त्यावर मी बसले.