भंगारातला नारंगी डबा

सन दोन हजार पाच. माझं वय तेव्हा एकसष्ट. शाळा झाली दुसरीपर्यंत, पण जालन्यातल्या एका लोखंडाच्या कारखान्यात भंगाराच्या यार्डाचा मुकादम मीच होतो. माझ्या हाताखालून गेलेल्या मालानं भट्टीत कधी दगा दिला नाही, हे मी आजही छाती ठोकून सांगतो.

भंगाराचा एक नियम आहे. बंद तोंडाची वस्तू भट्टीत जाऊ द्यायची नाही. आत हवा कोंडलेली असली की ती फुटते आणि वितळलेलं लोखंड माणसांच्या अंगावर येतं. म्हणून असं काही दिसलं की बाजूला घ्यायचं, छिन्नी लावायची, घण घालायचा, भोक पाडायचं. मंगच पुढं.

माझा पोरगा त्याच भट्टीवर होता. दोन लेकरांचा बाप. त्याचं मन तिथं नव्हतं. केदारखेड्याला त्याच्या मामाचं विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरायचं दुकान, तिकडं जातो म्हणून मागं लागल्ता. मी बिलकुल नाही म्हटलं. मेव्हण्यानं त्याच्या पोरीच्या लग्नात माझी मानाची टोपी चुकवली होती. अशा माणसाच्या दारात माझं पोरगं कामाला? काहून?

त्या दिवशी सकाळी परदेशातून आलेला माल उपसत होतो. त्यात एक डबा निघाला. नारंगी रंगाचा, जेवणाच्या डब्याएवढा, वर इंग्रजी अक्षरं, एका अंगाला तुटकी वायर. तोंड बंद. मी छिन्नी लावली, घण घातला. भोक पडलं नाही. डबा बोलायला लागला.

टीट. टीट. आणि त्याच्यावरचा बारीक दिवा लुकलुकायला लागला.

कुठंतरी असल्याच बाहेरच्या भंगारात तोफेचा गोळा येऊन फुटला, माणसं गेली, हे आम्ही सगळ्यांनी ऐकलेलं. एकजण ओरडला, "बाम हाय!" मंग काय, फावडी टाकून सगळे फाटकाकडं. क्रेनवाला तर शिडी अर्धी सोडून उडी मारून पळाला.

मी नाही पळालो. मुकादम पळाला तर मुकादम कसला? पण खरं सांगायचं तर पाय उचलतच नव्हते. डबा तसाच ठेवावा तर शेजारीच भट्टीचा माल. मी वाकलो, डबा उचलला. दोन्ही हातांत तो वाजत होता.

तेवढ्यात पोरगा पळत आला. सगळे बाहेर चालले अन् हा आत.

"जाय इथून!" मी खेकसलो.

"तुम्ही चला."

"माझ्या यार्डातला माल हाय."

"आबा, हात थरथरून राह्यलेत तुमचे. पडंन खाली. द्या इकडं."

आणि त्यानं तो माझ्या हातातून काढूनच घेतला. वाळूचा ढीग यार्डाच्या टोकाला. तो डबा पोटाशी धरून चालत निघाला, हळूहळू, पाण्यानं भरलेली परात नेल्यासारखा. मी मागं. त्याच्या पाठीकडं बघवत नव्हतं आणि नजर काढवत नव्हती. आता फुटंन, आता फुटंन. देवाचं नाव घ्यावं तर एक देव आठवेना.

त्यानं वाळूत खड्डा केला, डबा ठेवला, वरून वाळू लोटली. आवाज बारीक झाला, पण बंद झाला नाही. आम्ही भिंतीआड बसलो.

दुपार कलल्यावर पोलिसाची जीप आली. आमच्यापैकी कुणीच कळवलं नव्हतं, मंग ह्यांना कळलं कसं? वाटलं, डबा पुरला म्हणून आता पोराला बेड्या. जीपमागं दवाखान्याची गाडी. एक तरणा साहेब उतरला, हातात जुन्या टीव्हीवर असायचा तसला अँटेना.

"विमानतळावरून आलोय. पडलेलं विमान कुठंय?"

"कंचं विमान?" मी म्हटलं. "साहेब, इथं चिमणी बी न्हाई पडली."

तो अँटेना फिरवत सरळ वाळूपाशी गेला. डबा काढला, एक खटका दाबला, आवाज गेला. मंग खाली बसून हसायला लागला, घाम पुसत.

"आजोबा, घण घातला का ह्याला?"

"बंद तोंडाच्या मालाला घालावाच लागतो. नियम हाय."

"आमचाही नियमच आहे. विमानात हा डबा पाहिजे. विमान आपटलं की हा आभाळातल्या उपग्रहाला हाक मारतो, मग आम्ही शोधायला निघतो. विमान मोडीत काढताना ह्याची बॅटरी काढायची असते, ती कुणी काढलीच नाही. सकाळपासून शेतं तुडवतोय आम्ही. मध्येच आवाज बारीक झाला, वाटलं तलावात बुडालं विमान."

सगळे हसले. फाटकातून परत आलेलेही हसले. कुणीतरी म्हणालं, "मुकादमानं विमान पाडलं!" मी पण हसलो असेन.

पण दवाखान्याच्या गाडीचं मागचं दार उघडं होतं. आत पांढऱ्या चादरी घड्या घालून ठेवल्या होत्या, एकावर एक. मेलेल्या माणसांसाठी आणलेल्या. पोरगा त्याच दाराला टेकून उभा राहून पाणी पीत होता. मी त्याला म्हटलं, "तिथं नको उभा राहू." तो म्हणाला, "काहून?" मी दंडाला धरून त्याला बाजूला ओढलं.

भट्टी परत सुरू झाली. पोरगा तिच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला, रोजच्यासारखा. मी यार्डातून बघत होतो. माझं काम त्या दिवशी काहीच झालं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कारखान्यावर गेलो नाही. पोराला उठवलं, भोकरदनची एसटी धरली, केदारखेड्याला उतरलो आणि मेव्हण्याच्या दुकानात शिरलो. तो तारा गुंडाळत होता, चटकन उठला. म्हणाला, "दाजी! बसा, बसा आधी."

"बसायला न्हाई आलो," मी म्हटलं. "ह्याला ठेवून घे."