पाठीवर ओझं घेतलेली बाई

चौथीपर्यंतच शिकले, त्यामुळं अक्षर वेडंवाकडं आहे आणि काना-मात्रा चुकते. कुणी वाचलंच तर माफ करावं.

दौलताबादच्या मागच्या डोंगरात मी सरपणाला गेले होते. अर्ध्या चढावर एक बाई दगडाला टेकून बसली होती. केस पांढरे, पायात जाड बूट, पाठीवर पोत्याएवढी बॅग. कित्येक दिवस डोंगराडोंगरानं एकटीच चालत आली होती. आता गुडघा सुजला होता आणि खिंड अजून वर होती.

मी म्हणाले, "द्या इकडं, डोक्यावर घेते. मला सवय हाय."

"नको गं. पोरं म्हणाली होती, आई, तुला झेपायचं नाही. हे उतरवलं तर त्यांचंच खरं होईल."

"मग मागून ढकलू का?"

ती खळखळून हसली. "ढकलू नकोस. नुसती बोलत चल, म्हणजे गुडघ्याकडे लक्ष जाणार नाही."

मला तर परक्यापुढं तोंड उघडायची लाज. पण ती काठी टेकून उठली, तेव्हा मी झाडांची नावं सांगायला लागले. झाडं संपल्यावर माझी आई, माझी लेक, सगळं सांगितलं. ती थांबायची, दात आवळायची, "मग?" म्हणायची आणि पुढचं पाऊल टाकायची.

खिंडीत वारा लागला. पलीकडची गावं चिमुकली दिसत होती. तिनं बॅग खाली ठेवली, डोळे पुसले आणि पोराला फोन लावला.

"आले रे वर. ओझ्यासकट."

मी पदरानं तिच्या बॅगेवरची धूळ झटकली आणि सरपणाला माघारी वळले.