सोमवारची मरळ

शर्मिलाकाकींना अलीकडे स्वप्नंसुद्धा पाणी ओतण्याचीच पडत. वालावलच्या त्यांच्या परड्यात पाणी साचायला इतक्या जागा होत्या, की घर त्या जागांच्या अधेमधे बांधलंय असं वाटावं. सकाळी चहाचा घोट घ्यायच्या आधी त्या पदर खोचून निघायच्या. माडाखालच्या करवंट्या पालथ्या घालायच्या, पोफळीच्या गळलेल्या झावळांच्या खोलगट विऱ्या उचलून भिंतीला उभ्या करायच्या, गुरांची दगडी दोण उपसायची. मग दाजींच्या संग्रहाकडे वळायचं. तिथवर पोचेपर्यंत कंबर सासूसारखी बोलायला लागायची.

दाजी म्हणजे काकींचे यजमान. एसटीत ड्रायव्हर होते. निवृत्त झाले तेव्हा गाडी तेवढी डेपोत ठेवून आले, असं काकी म्हणत. बाकी जुने टायर, बॅटरीचे डबे, कुणाच्यातरी फ्रिजचा भाजी ठेवायचा खण, वॉशिंग मशीनचं पिंप, सगळं परड्यात होतं. काकींनी काही उचललं की ओटीवरून आवाज यायचा, "टाकू नको गो! कामाक येतला!"

"कोणाच्या?"

"कोणाच्या तरी."

ते खरं ठरलं. डासांच्या कामाला आलं.

एरवी हेही काकींनी सोसलं असतं. आयुष्यभर सोसलेल्यात आणखी एक. पण यंदा भक्तीला दिवस गेले होते. एकुलती एक मुलगी, पहिलं बाळंतपण, ते माहेरीच व्हायला हवं. दसऱ्यानंतर ती कोल्हापूरहून यायची होती. काकींनी जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी शिवून ठेवली होती, डिंक-आळीव डब्यात भरून ठेवले होते. आणि गणपती गेल्यावर वाडीत डेंग्यूचे ताप सुरू झाले.

जावई किरणरावांचा फोन आला. माणूस सज्जन, त्यामुळे त्याच्यावर रागावताही येत नव्हतं. "आई, गैरसमज नको. पण डॉक्टर म्हणतात, अशा दिवसांत तिला ताप परवडणार नाही. दसऱ्यापर्यंत बघू. डास आटोक्यात आले नाहीत तर इथंच करू सगळं."

"होय हो, बघूया," काकी म्हणाल्या आणि फोन ठेवून पुन्हा दोण उपसायला गेल्या.

आरोग्य केंद्रातली रूपाली घरोघर फिरत होती. तिने पिशवीतून गप्पी मासे आणून काकींच्या बावडीत सोडले. बोटाच्या पेराएवढे मासे, डासांच्या अळ्या खातात. पुढच्या फेरीला तिने बादलीभर पाणी काढून पांढऱ्या ताटलीत ओतलं. अळ्या मजेत वळवळत होत्या. गप्पी एकही नाही.

"काकी, गप्पी खंय गेले?"

"माका काय ठावक? सासराक गेले आसतीत."

रूपालीने पुन्हा आणून सोडले. तेही गेले. तिने डोकं खाजवलं. दाजी मात्र एकदम सुपारी कातरायला लागले. दाजींना जगातल्या प्रत्येक गोष्टीवर मत असे; गप्पींवर ते एक अक्षर बोलले नव्हते. रूपाली गेल्यावर काकींनी त्यांच्यासमोर बसकण मारली.

"काय केलात?"

"मी? मी काय करतलंय?"

"काय केलात?"

दाजींनी अडकित्ता खाली ठेवला. "आषाढात शेतात मरळ गावली होती. चांगली जिती. पण दिवस सोमवार. सोमवारी मासो खंयसून खातलंव? म्हणान बावडेत सोडलंय. मंगळवारी काडूया म्हटलंय."

"मगे?"

"मंगळवारी ती वर येवक नाय."

मरळ हा मासा खायला गोड, पण स्वतः खायला बसला की पंगत बघत नाही. काकींच्या डोळ्यांपुढे रूपालीच्या दोन्ही पिशव्या उभ्या राहिल्या. "म्हणजे ता पोर गावभर फिरान मासे हाडता, आणि आमी तेंची तुमच्या मरळीक न्याहरी घालतंव!"

गळाला गांडूळ लावून दाजी बावडीवर बसू लागले. मरळ हुशार, आयती मेजवानी खाल्लेलीला गांडूळ काय? अखेर नवरात्रात एका दुपारी ती लागली. वर आली तेव्हा दाजींच्या हाताएवढी होती. बादलीत तिने जी शेपटी मारली, त्यात दोघं भिजली.

दाजी तिच्याकडे बघत राहिले. जावई नव्या नोकरीला लागल्यावर सासरा बघतो तसं. मग हळूच म्हणाले, "नवरात्र आसा नाय? खावक गावाचा नाय. दसऱ्यापर्यंत परत बावडेतच सोडूया काय? जिती रवात."

काकी ओरडतील, याची दाजींची तयारी होती. उत्तरंही जुळवून ठेवली होती. पण काकी ओरडल्या नाहीत. बावडीच्या कठड्यावर बसल्या. ओलं लुगडं पिळायचंही त्यांना सुचलं नाही.

"किरणरावांका फोन लावा," त्या म्हणाल्या. "भक्तीक धाडू नको म्हणान सांगा."

"असा काय गो बोलतस?"

"दमलंय मी. माझ्यान होवचा नाय."

  दाजींनी मरळीच्या बादलीवर केळीचं पान टाकलं आणि ती उचलून ते नदीच्या वाटेला लागले. वाटेत कुणीतरी विचारलं, "खंय दाजीनू?"

"पावण्याक पोचवूक," ते म्हणाले, आणि थांबले नाहीत.

येताना ते भंगारवाल्याच्या टेम्पोत बसून आले. टायर गेले, पिंप गेलं, डबे गेले. फ्रिजच्या खणाशी त्यांचा हात अडला. "ह्या मात्र..." काकींनी नुसतं बघितलं. "व्हर रे बाबा," दाजी भंगारवाल्याला म्हणाले आणि पाठ फिरवून उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी करवंट्या त्यांनी पालथ्या घातल्या. वाकताना दर वेळी कण्हले, काकींना ऐकू जाईल अशा बेताने.

रूपालीने गप्पी पुन्हा सोडले. दसरा झाल्यावर किरणराव भक्तीला घेऊन आले. परडं हिंडले, बावडीत वाकून बघितलं. गप्पी ढिगाने होते. डास अजिबात नव्हते असं नाही. वालावलचे डास कुणाच्या सांगण्यावरून गाव सोडणाऱ्यातले नव्हेत. पण कमी होते. खोलीत मच्छरदाणी बांधलेली होती.

"ठीक आहे, आई," ते म्हणाले. "राहू दे तिला इथंच."

ते गेल्यावर दुपारी भक्ती पाय पसरून मच्छरदाणीत बसली आणि कोल्हापूरच्या गोष्टी सांगू लागली. काकी उशाशी भिंतीला टेकून हूं हूं करत होत्या. मग हूं थांबलं. भक्तीने बघितलं तर आई बसल्या जागी झोपली होती, तोंड उघडं, हात मांडीवर उताणे. इतक्या गाढ की दाजींनी अंगणात काहीतरी पाडलं, तरी हलली नाही.

भक्तीने आपल्या पाठीमागची उशी काढून तिच्या मानेमागे सरकवली आणि जाळीची कड तिच्यावरही ओढून घेतली.

"आये," ती हळूच म्हणाली, "बाळतपणाक मी इलंय काय तू?"